जैनाबादचं बोलावणं

हिंदी मुलखात, तापीवरच्या राजघाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या गल्ल्यांत कौतिकआप्पांना ओळखत नाही असं मराठी घर शोधूनही सापडायचं नाही. आप्पांनी उभा जन्म पॉवरलूमवर नोकरी केली, पण त्या नोकरीबद्दल विचारलंत तर ते दोन वाक्यांत विषय संपवतील. त्यांचं खरं काम बोलावण्याचं. समाजात कुणाचं लग्न असो, बारसं असो की घरभरणी, घरोघर सांगायला आप्पाच जात. चाळीस वर्षं तेच जात राहिले. त्या बदल्यात मांडवात शेवटी एक टोपी आणि नारळ मिळायचा, आणि तेवढ्यावर हा माणूस महिनाभर खुशीत असायचा.

बोलावण्याची त्यांची रीत ठरलेली. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि बोलावणं ‘घरटी एक’ आहे की ‘चूलबंद’ ते स्पष्ट सांगायचं. घरटी एक म्हणजे घरातून एकाच माणसाने पंगतीला यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. कुठल्या घराला कुठलं, ते आप्पांना तोंडपाठ. मग पाणी प्यायचं, टेकायचं, आणि एका घरची खबर दुसऱ्या घरी पोचवायची. कुणाचा गुडघा धरला, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कोण कुणाशी बोलत नाही. खरं सांगायचं तर या गप्पांसाठीच आप्पा उन्हातान्हात फिरायचे.

चार वर्षांपूर्वी समाजातल्या पोरांनी फोनवर ग्रुप काढला आणि आप्पांचं फिरणं बंद पडलं. पत्रिका ग्रुपवर, बारसं ग्रुपवर, साखरपुड्याचा व्हिडिओसुद्धा ग्रुपवर. कुणी त्यांना ‘आता येऊ नका’ म्हणालं नाही. फक्त ‘आप्पा, निघा’ म्हणायला कुणी आलं नाही. आप्पांना याचा राग आला, आणि राग धरायला त्यांना कधी कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. मुलाने, प्रवीणने, त्यांनाही स्मार्टफोन घेऊन दिला, ग्रुपवरही घातलं. आप्पा त्यावर फक्त आलेला फोन घेत. बाकी सगळा पोरांचा उद्योग.

“जे दारात आलं न्ही, ते बोलावनं न्ही,” त्यांनी घरात जाहीर करून टाकलं. तेव्हापासून फोनवरून बोलावलेल्या एकाही पंगतीला ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नी शांताकाकू एकट्याच जात आणि ‘आप्पा कुठे?’ या प्रश्नाला दर वेळी गुडघ्याचं कारण सांगत. गुडघे ठणठणीत होते.

घरात बोलायची पंचाईतच होती. प्रवीण ताटावर बसून फोन बघायचा, सूनबाई भाकरी थापता थापता कुणाचं तरी काही ऐकायची. कॉलेजात जाणारी नात अमृता वरच्या खोलीतून खाली आईला मेसेज करून विचारायची, “आज खाने में क्या है?” दोघींमध्ये अकरा पायऱ्या. आप्पांनी त्या मुद्दाम मोजल्या होत्या.

त्यांना उरला होता एक दत्तू. दत्तात्रय जैनाबादचा, तापीच्या पलीकडचा. दोघांनी तीस वर्षं शेजारशेजारच्या लूमवर काढली होती. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही दर सोमवारी दोघं राजघाटावर बसून बोलू लागले की सगळ्या घाटाला ऐकू जायचं. मग या उन्हाळ्यात दत्तू यायचा बंद झाला. एक सोमवार गेला, दोन गेले, आठ गेले. आप्पांनी मनाशी ठरवून टाकलं: “त्याले बी फोनचा नाद लागला असंन.” पूल ओलांडून बघून यावं हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण आपण का जावं? यायचं त्याने बंद केलं.

अशात समजलं की दत्तूच्या नातीचं, तृप्तीचं लग्न ठरलं. ग्रुपवर पत्रिका आली. शांताकाकूंनी ती सुनेच्या फोनवर पाहिली.

“पत्रिका आली न. चलान आता?” काकू म्हणाल्या.

“दत्तू असा बोलावनार न्ही,” आप्पा म्हणाले. “तो येईन. न्ही तर नातवाले धाडीन.”

त्या आठवड्यात आप्पा रोज सकाळी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. ऑटोचा आवाज आला की मान वर. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणत, हवा खातोय. सातव्या दिवशी लग्न लागलं. काकू, प्रवीण आणि सून जैनाबादला गेले. आप्पा ओट्यावरून उठले, आत जाऊन पडले, आणि परीक्षा चालू म्हणून घरी राहिलेल्या अमृताने वाढलेलं जेवण त्यांनी तसंच ठेवलं.

दुपार कलताना काकू परत आल्या. आल्या त्या चप्पल न काढता सरळ त्यांच्याजवळ.

“दत्तूभाऊंले लकवा मारला. दोन महिने झाले. अर्धं अंग गेलं, जीभ वळत न्ही. मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. मले पाहून रडले हो. तुमाले इचारत होते.”

आप्पा उठून बसले. “अन् मले कोनी सांगलं न्ही?”

प्रवीण दारातच उभा राहिला. “ग्रुपवर होतं, आप्पा. जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हाच आलं होतं. मला वाटलं तुमचा जोडीदार, तुम्हाला माहीत असंल.”

“तू वाचलं?”

“वाचलं. हात जोडले.”

अमृताने आपल्या फोनवर शोधून दाखवलं. एकशे सतरा जणांनी हात जोडले होते. छोटे छोटे पिवळे हात, एकाखाली एक, त्यात प्रवीणचेही. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावभरच्या खबरी घरोघर पोचवल्या, त्याला स्वतःच्या मित्राची खबर दोन महिने पोचली नव्हती, आणि त्याच्याच घरात ग्रुप वाचणाऱ्या तिघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं की आपण सांगावं. प्रवीणने मान खाली घातली. आप्पा त्याच्यावर ओरडले नाहीत. ओरडण्याएवढा हक्क आपल्याला उरलाय का, याची त्यांना खात्री वाटेना.

“दादाजी, तुमचा फोन द्या ना,” अमृता म्हणाली.

उशाखालचा फोन तिने घेतला. ग्रुपवरचे शेकड्यांनी न वाचलेले मेसेज सरकवत तिचं बोट खाली गेलं आणि थांबलं.

“हे पर्सनल आहे. निलेशभैयाच्या नंबरवरून. व्हॉइस मेसेज है, दादाजी. पंधरा दिन पुराना.”

निलेश म्हणजे दत्तूचा नातू. तिने बटण दाबलं. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक जड, ओला आवाज, जो आप्पांनी लगेच ओळखला नाही.

“कौतिक... मी दत्तू. जीभ... जड झाली रे. तृप्तीचं लगन हाये. पोरं म्हन्तात... ग्रुपवर टाकू. मी न्ही म्हनलो. म्हनलो... बोलावनं कौतिकच दीन. मले चालता येत न्ही. जैनाबादची घरं... तू फिर. चूलबंद सांगजो... सगळ्याले. कधी येशीन... सांग.”

एवढं बोलायला दत्तूला दीड मिनिट लागलं होतं. आप्पांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. चार वर्षं ज्या कामासाठी त्यांचा जीव तुटत होता, ते काम पंधरा दिवस त्यांच्या उशाखाली पडून होतं.

“फोन काहून न्ही केला त्या पोऱ्याने? वाजला असता तं घेतला असता!”

“दादाजी, आजकल डायरेक्ट कॉल कौन करता है?” अमृता म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. निलेशने मेसेज धाडला आणि आपलं काम झालं असं समजला. आठवडाभर उत्तर आलं नाही, तेव्हा मुलांनी पत्रिका ग्रुपवर टाकली. इतकंच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी ऑटो केला. प्रवीण ‘मी सोडतो’ म्हणाला, ते नको म्हणाले. पुलावर येईपर्यंत त्यांनी मनात काय काय जुळवलं होतं: तब्येत कशी, औषध कुठलं, तृप्तीचं सासर कुठलं. जैनाबादच्या दारात पोचल्यावर त्यातलं एकही आठवेना. आजवर कुठल्याही दारात ते काहीतरी सांगायला म्हणूनच गेले होते. नुसतं भेटायला कसं जायचं असतं, हे सत्तराव्या वर्षी त्यांना कळेना.

निलेशने आत नेलं. दत्तू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. आप्पांना पाहून त्याने मान भिंतीकडे वळवली. तो रागावला होता, आणि रागवायचा त्याला पुरेपूर हक्क होता.

“दत्तू,” आप्पा खाटेच्या कडेवर बसले. “तुहा आवाज मी काल ऐकला रे. कालच. फोन उघडलाच न्हवता.”

दत्तूने चांगल्या हाताने दाराकडे बोट केलं आणि एकेक शब्द ओढून काढला.

“खुर्ची... तिथं. आठ दिस... बसलो.”

“आलो असतो रे. माहीत असतं तं त्याच दिवशी आलो असतो.”

“बिना... बोलावता... येता येत न्हवतं?”

आठ सोमवार होते, एक पूल होता, आणि धड चालणारे दोन पाय होते. त्यांनी दत्तूचा लुळा हात मांडीवर घेतला आणि लहान पोरासारखे रडू लागले. निलेश आतून पाणी घेऊन आला, दोघांना तसं पाहिलं, आणि हातातला फोन बाजूला ठेवून खाली जमिनीवर बसला.