सायीची वाटी

मंजुळाबाई विमलबाईंवर जळतात, ही गोष्ट चिखलीतल्या त्या चारमजली इमारतीत पोरासोरांनाही ठाऊक होती. विमलबाईंना तेवढी ठाऊक नसावी, असं मंजुळाबाईंना आपलं वाटायचं.

आता जळावं असं त्या बाईपाशी होतं तरी काय? तळमजल्यावरची एक खोली, एक शिलाई मशीन आणि भिंतीवर चार वर्षांपूर्वी गेलेल्या मारुतरावांचा हार घातलेला फोटो. एकुलती लेक लग्न होऊन रावेतला गेलेली. मंजुळाबाईंचं त्या मानानं भरलेलं घर. नवरा दत्तोबा चाकणच्या कंपनीत प्रेसवर, मुलगा बंगळूरला नोकरीला. लातूरहून एका पत्र्याच्या पेटीनिशी आलेल्या बाईनं पंचवीस वर्षांत दोन खोल्या स्वतःच्या केल्या होत्या. तरी जळायच्या. कारण विमलबाईंना दिसत होतं.

दोघीही साड्यांना फॉल लावायच्या. मशीनवर काय, कुणीही मारतं. हातानं, टाका वर दिसू न देता फॉल लावणं हे निराळं काम, आणि त्यात मंजुळाबाईंचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. लग्नसराईत त्यांच्या खाटेवर बसायला जागा नसायची. मग दोन वर्षांपूर्वी दोघींनाही मोतीबिंदू झाला आणि तपासणीत दोघींनाही साखर निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकाच बाकावर बसवून दोघींना एकच सांगितलं, आधी साखर उतरवा, मग ऑपरेशनची तारीख देतो. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आठच्या खाली पाहिजे. त्या दिवशी दोघींचाही साडेनऊ होता, आणि रिक्षानं परत येताना दोघी एकमेकींना धीर देत आल्या होत्या.

वर्षभरात विमलबाईंचा आकडा सातवर आला. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावून बाई महिनाभर मिरवल्या आणि पुन्हा सुई हातात धरली. मंजुळाबाई होत्या तिथंच. खाटेवरच्या साड्या हळूहळू तळमजल्यावर उतरल्या. पहिल्यांदा नवी गिऱ्हाइकं गेली, मग जुनी, आणि मग एक दिवस स्वरूपा, जिच्या लग्नातल्या अकरा साड्यांना मंजुळाबाईंनी फॉल लावला होता, तीसुद्धा जिन्यात पिशवी पाठीमागं लपवून खाली गेली. मंजुळाबाईंना साड्यांचा रंग दिसला नाही, पण पिशवी कळली.

तसं काम अगदीच बंद नव्हतं. दत्तोबा पहाटेची बस पकडण्याआधी खिडकीपाशी बसून दहा सुया ओवायचे आणि कापडी उशीला ओळीनं टोचून जायचे. दहा सुया संपल्या की मंजुळाबाईंचा दिवस संपला. वर त्या कुरकुरायच्या, की किती लांब दोरा घालता, गाठी पडतात.

"एवढी खाते तरी काय ती बया?" त्या दत्तोबांना विचारायच्या. "गोळ्या दोघींच्या त्याच. चालायला दोघी जातो. मग तिचीच बरी उतरते?"

"तिचं नशीब," दत्तोबा म्हणायचे. नवऱ्यांनी असल्या वेळी गप्प बसावं, हे त्यांना एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

मंजुळाबाईंनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? कारल्याचा रस झाला, मेथ्या झाल्या, जांभळाच्या बियांची भुकटी झाली. दूध गवळ्याकडचं, म्हशीचं, पण साखर निघाली त्या दिवसापासून त्यांनी स्वतःपुरता सायीचा थेंब वर्ज्य केला होता. खरं सांगायचं तर साय त्याआधीही त्यांच्या तोंडी कधी पडत नव्हतीच. लग्न झाल्यापासून साय काढून वाटीत ठेवायची आणि सकाळी साखर पेरून, पोळीबरोबर, नवऱ्यापुढं सरकवायची. सासूनं तेच केलं होतं, आईनंही. खाली उरलेलं निळसर दूध बायकांच्या चहाला. त्या चहानं पोट भरत नाही म्हणून सहा टोस्ट. अकराला पुन्हा पोट बोलायला लागायचं, म्हणून आणखी चार. टोस्टात कुठं तूप असतं? टोस्ट आपले हलके, आजाऱ्यालासुद्धा देतात.

एक दिवस न राहवून त्या विरजण मागायच्या निमित्तानं खाली गेल्या. विमलबाई जेवायला बसल्या होत्या. ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेजारी मोठी वाटी. मंजुळाबाई वाकल्या, अगदी नाक लागेल इतकं जवळ जाऊन त्यांनी बघितलं. सायीसकट लावलेलं दही होतं, चमचा उभा राहील असं.

"वैनी, तुमी साय खाताव?" त्यांचा आवाज चढला. "साखर असून?"

"व्हय की," विमलबाई म्हणाल्या. त्या मूळच्या खेडकडच्या. "पैकं म्हशीच्या दुधाचं मोजायचं आन् साय टाकायची व्हय गं?"

"आन् टोस्ट?"

"न्हाई बाई. वाटीभर दही-भाकर खाल्ली की सांजंपतूर भूक लागत न्हाई. मग टोस्ट कशाला चघळू?"

मंजुळाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. दोन वर्षं आपण निळं पाणी प्यायलो, कारल्यानं जीभ कडू करून घेतली, आणि ही इथं सायीवर ताव मारते, वर डोळेही हिचेच बरे! "कोणी सांगितलं तुम्हाला खायला? डॉक्टरनं? आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईत!"

"कुणी सांगतंय?" विमलबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "ह्यांची वाटी ही. ह्ये गेलं तरी माजा हात रोज साय काढायचा. फ्रिजात तीन वाट्या साठल्या, वास मारायला लागल्या, मोरीत वतल्या. चवथी वतताना इचार आला, आता ही कुणासाठी ठेवती मी? उभ्या उभ्या खाल्ली. रडत रडत खाल्ली बघ. पन खाल्ली."

मंजुळाबाई विरजण न घेताच वर आल्या. आपण एका विधवेच्या वाटीवर जळत होतो याची त्यांना लाज वाटली. आणि खोटं कशाला बोला, लाज वाटूनही जळणं काही थांबलं नाही. त्या बाईला विचारायला कुणी नव्हतं, काढून ठेवायला कुणी नव्हतं, पुरती वाटी तिची एकटीची होती. असं कसलं मेलं आपलं मन, म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबांच्या पोळीशेजारी अर्धीच वाटी आली.

"आज साय कमी पडली?"

"अर्धी मी घेतली."

दत्तोबांनी वाटीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "मग घे की. मी कधी नको म्हणलो?"

झालं! नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पंचवीस वर्षं कुणी नको म्हटलंच नव्हतं, आणि पंचवीस वर्षं मंजुळाबाईंनी हातही लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी ती साय खाल्ली ती रागारागानं, आणि टोस्टाचा पुडा खालच्या पोरांना देऊन टाकला.

दवाखान्यातल्या श्रद्धा डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. "मावशी, साय म्हणजे औषध नाही हं. पूर्ण सायीचं दूध-दही खाणाऱ्यांची साखर त्यामुळं बिघडत नाही, उलट थोडी बरी राहते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण डॉक्टरांचं अजून एकमत नाही. त्यामुळं वाटी एकच, आणि साखर पेरायची नाही. गोळी चुकवायची नाही. तुमचे दिवसाचे दहा टोस्ट सुटले, ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते."

म्हणजे दोन वर्षं आपण साखर टाळून मैदा आणि साखरच खात होतो, हे मंजुळाबाईंना उमगलं.

मग रोज भाकरी आणि सायीचं दही. अकराला पोट बोलेनासं झालं. सहा महिन्यांनी आकडा आला सात पूर्णांक आठ. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि मंजुळाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यातही पहिला विचार कोणता, तर विमलबाईंचा सात होता.

ऑपरेशननंतर चार आठवड्यांनी, रविवारी सकाळी, विमलबाई बघायला म्हणून वर आल्या. मंजुळाबाई खाटेवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. खिडकीपाशी दत्तोबा मान खाली घालून सुया ओवत बसले होते.

"अहो, आता दिसतंय मला," मंजुळाबाई म्हणाल्या. "बास करा की ते."

"असू दे," दत्तोबा म्हणाले. "हाताला सवय लागलीय." आणि त्यांनी सहावी सुई उशीला टोचली.

मंजुळाबाईंनी हसून विमलबाईंकडे बघितलं. विमलबाई कॅलेंडरकडे बघत नव्हत्या, मंजुळाबाईंच्या नव्या डोळ्याकडेही बघत नव्हत्या. त्या त्या उशीकडे बघत होत्या, ओळीनं टोचलेल्या सहा सुयांकडे.

"मी आंधळी झाले तवा," त्या म्हणाल्या, "जिभंनं चाचपून दोरा ववायची. लई टोचायचं." आणि पुन्हा उशीकडे बघत राहिल्या.

ती नजर मंजुळाबाईंना लख्ख दिसली. ओळखायला वेळ लागला नाही. दीड वर्ष तीच नजर घेऊन त्या जिना चढत-उतरत होत्या. चार वर्षं ही बाई कपडे वाळत घालायला रोज आपल्या दारावरून गच्चीवर जाते, म्हणजे चार वर्षं ती ह्या घरातली दोन माणसं बघत होती.

दत्तोबांनी सातवी सुई उजेडात धरली.

"वैनी, बसा," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि साय काढायला आत गेल्या.