ज्युदोच्या वर्गाच्या दारात

नवरा गेल्यापासून घरात मी एकटीच असते. स्वसंरक्षण शिकावं असं मनात आलं, म्हणून जवळच्या शाळेत भरणाऱ्या ज्युदोच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. आत माझ्याच वयाची एक बाई गादीवर धाडकन पडली आणि हसत उठली. पडल्यावर असं हसू येतं?

"नातवाला घालायचंय का?" सरांनी विचारलं.

"नाही, मलाच यायचंय."

"कुणाची भीती वाटते का, काकू?"

मी गोंधळले. चोराची वाटते? की रिकाम्या घराची? की कुणाशी तरी झटापट करावी, कुणाचा तरी हात लागावा, एवढंच मला हवं होतं? काही केल्या उलगडेना.

तेवढ्यात ती बाई घाम पुसत जवळ आली. "अहो, दारात काय उभ्या? या की आत!"

मी चपला काढल्या आणि आत गेले.