पोकलेनचं तेल तापलं आणि बायकोचा फोन आला

मंडळी, हसायचं तर हसा, पण आजचं सांगतोच.

मी पोकलेन चालवतो. सध्या विक्रोळीत एक जुनी बिल्डिंग पाडतोय. आज ऊन असं होतं की लोखंडाला हात लागला तर चटका बसत होता. दुपारी बघतो तर हायड्रॉलिक तेलाचा काटा लाल पट्ट्याजवळ! तेल तापलं की पातळ होतं, सील जातात, मग मशीनचा उचललेला हात आपोआप खाली यायला लागतो. मशीनची पार वाट लागते.

काम थांबवलं. थोडा वेळ मशीन नुसतं चालू ठेवलं. काटा उतरल्यावर बंद केलं आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत बसलेली सिमेंटची धूळ हवा मारून काढली. जरा सावलीत टेकलो, तेवढ्यात बायकोचा फोन. मे महिना आहे, ती पोरांना घेऊन गावी, मालवणला गेलीय.

"कसे आसात?"

मी म्हटलं, "तापलं होतं गं, आता उतरलंय. जाळी चोक झाली होती."

ती म्हणाली, "अवो, मशीनचा नाय, तुमचा इचारतंय."

"बरा आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

मग लक्षात आलं. ती गेल्यापासून मी स्वतःबद्दल कुणाला काही सांगितलं असेल तर ते एवढंच, 'बरा आहे'. आणि तेही खोटं.

तुमच्यापैकी कोण कोण खोलीवर एकटं आहे रे सध्या? घरून विचारलं तर काय सांगता?