जुना करार कापायचा नाही

चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा बाइंडर महा फटकळ, आणि वाचल्याशिवाय पुस्तकाला सुई लावायचा नाही. चर्चच्या फादरांनी फाटकं बायबल आणून टाकलं. "जुना करार, हा पुढचा जाडा भाग, काढा. जड होतो, शिवाय तो यहुद्यांचा. येशूचं तेवढं बांधा."

आठवड्याने बघतात तर बायबल अख्खंच बांधलेलं. फादर भडकले.

"तुमचा येशू उठल्याबसल्या 'शास्त्रात लिहिलंय' म्हणतो," बाइंडर खेकसला. "ते शास्त्र म्हणजे हा जुना करारच. तोच कापू?"

"अहो, पण येशू आमचा!"

"असेल. पण शनिवारी तो यहुद्यांच्या सभास्थानात प्रार्थनेला जातो. चष्मा पुसून दोनदा वाचलं, रविवारी तुमच्या चर्चकडे फिरकलेला काही दिसला नाही."