चौथ्याआधी पाचवे रीळ

नामदेव पगारे गेल्याचे मला आमच्याच कार्यालयात, निधनवृत्तांच्या गठ्ठ्यातून कळले. चार ओळींचा मजकूर होता, त्यांच्या मुलीने हाताने लिहून आणून दिलेला. नाव, वय, अंत्यविधीची वेळ आणि नावापुढे ‘सिनेमा ऑपरेटर’. आमच्या उपसंपादकाने त्या शब्दांवर पेन टेकवून विचारले, “हे तर थिएटरच्या दारावर असायचे ना?” मी म्हटले, “लिहिलंय तसंच जाऊ द्या.” त्याला आता पाच आठवडे झाले. ते शब्द का बदलू दिले नाहीत, हे सांगायचे तर एका इंग्रजी चित्रपटाची हकीकत सांगावी लागते. तिच्यात चूक त्यांची होती आणि अडचणीत मी आलो होतो.

नाशिकच्या एका जुन्या थिएटरात नामदेवराव बावीस वर्षे प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये होते. मूळचे सटाण्याकडचे, घरची बोली अहिराणी. आणीबाणी उठली त्या वर्षी तिथे मॅटिनीला अंतराळयानाचा एक चित्रपट लागला. त्याचे इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसले नाही. सगळे ‘जहाजाचा पिक्चर’ म्हणत. मी रविवारच्या पुरवणीत चित्रपटांवर लिहीत असे आणि त्या निमित्ताने प्रथमच केबिनमध्ये गेलो. दोन मशीन शेजारी-शेजारी. एक रीळ साधारण वीस मिनिटांचे. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर दोनदा ठिपका उमटतो आणि दुसऱ्या ठिपक्याला दुसरे मशीन सुरू करायचे. ऑपरेटरची नजर त्या ठिपक्यासाठी असते, चित्रपटासाठी नाही. मग चांगला चित्रपट ओळखता कसा, असे मी विचारले. “पहिल्या आठवड्यात सगळेच बघतात, साहेब. तिसऱ्या आठवड्यात ठिपका यायच्या आधीच मान वर झाली, की समजायचं, यात काहीतरी हाय.” जहाजाच्या पिक्चरला त्यांची मान सहाव्या आठवड्यातही वर होत होती. पुढे म्हणाले, “तुम्ही लोक एकदा बघता आणि निकाल लावून मोकळे होता.” मी म्हटले, दोनदा बघायला वेळ कुठे असतो? “मग लिहायला कुठून येतो?”

मधल्या काळात त्या चित्रपटाचे दोन पुढचे भाग येऊन गेले, दोन्ही फिके. मग आठेक वर्षांनी कंपनीने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. जहाज तेच, कप्तान तोच, चेहरे नवे. जुना पाहिलेल्यांनी हा बघावा का, आणि एकदा बघून पुन्हा बघावा का, एवढाच प्रश्न माझ्या सदरासाठी होता. मी शुक्रवारी त्याच थिएटरात मॅटिनीला गेलो. चित्रपटाच्या मध्यावर जहाजावरची एक रिकामी खुर्ची दिसते. खुर्चीवर चष्मा. कप्तान त्या खुर्चीत बसायचे टाळतो; का, ते कळत नाही. वीस मिनिटांनी जहाजाचा डॉक्टर तोच चष्मा लावून आत येतो, चष्मा खुर्चीवर काढून ठेवतो, फुटत चाललेला दरवाजा आतून बंद करायला जातो आणि मरतो. मी लिहिले की, दुःख आधी आणि कारण नंतर दाखवण्याचे धाडस जुन्या चित्रपटात नव्हते; या एका मांडणीसाठी नवा चित्रपट पुन्हा पाहावा. रविवारी ते छापून आले.

मंगळवारी भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांचे पत्र आले. त्यांनी चित्रपट शनिवारी आणि रविवारी, असा दोनदा पाहिला होता. डॉक्टर आधी मरतो, खुर्ची नंतर रिकामी दिसते. कोणत्याही गोष्टीत असते तसेच. ‘आपल्या समीक्षकांनी चित्रपट झोपेत पाहिला की पाहिलाच नाही, एवढेच कळवावे.’ संपादकांनी पत्र माझ्यापुढे ठेवले. “गुरुवारी दुपारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर पत्र छापतो आणि सदर थांबवतो.” मी त्याच दिवशी मॅटिनीला जाऊन बसलो. प्राध्यापकांचे बरोबर होते.

खेळ सुटल्यावर केबिनमध्ये गेलो. नामदेवराव मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलत होते. वळले नाहीत. “दुसऱ्यांदा आलात म्हणजे कळलं असेल,” ते म्हणाले. “शुक्रवारी पाच नंबर आधी लागलं. चार नंतर.” प्रिंट दुसऱ्या गावाहून आली होती. डब्यांवरचे नंबर तिकडेच उलटसुलट झाले होते आणि रिळाच्या तोंडाला नंबराची पट्टी असते, ती दोन्ही रिळांची फाटून गेली होती. चित्रपट त्यांनीही आधी पाहिलेला नव्हता. खेळ संपल्यावर शंका आली, शनिवारी सकाळी रिळे उजेडात धरून तपासली आणि क्रम लावला. कोणाला सांगितले नाही. सहा महिन्यांपूर्वी एक रीळ जळाले होते, तेव्हा मालक, म्हणजे शेठ, बजावून गेले होते... पुढची चूक झाली की केबिनची किल्ली खाली आणून द्यायची. शुक्रवारच्या खेळाची एकही तक्रार आली नव्हती. “कोणालाच कळलं नाही, साहेब. एकट्या तुम्हाला आवडलं.”

खरे कारण छापले तर त्यांची केबिन जाणार होती; न छापले तर माझे सदर. मी म्हटले, माझ्या टिपणांत घोळ झाला असे लिहून टाकतो. त्यांनी शेवटची कांडी बसवून मशीनचे झाकण लावले. मग म्हणाले, “गुरुवारी सकाळी दहाला संपादकांना घेऊन या. त्या प्राध्यापकांनापण.” “आणि शेठ?” “त्यांना सांगतो, पेपरवाले प्रिंट बघायला येताहेत म्हणून.”

गुरुवारी हॉलमध्ये आम्ही चौघे होतो. शेठ कडेच्या खुर्चीत, पाय पसरून. तिसरे रीळ झाले आणि त्यानंतर पाचवे लागले. रिकामी खुर्ची, चष्मा. शेठना काही वेगळे वाटले नाही. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. मग चौथे सुरू झाले आणि डॉक्टर आत आला. शेठ उठून उभे राहिले. “पगारे, हे काय लावलंय?” वरच्या खिडकीतून आवाज आला, “शुक्रवारी असंच लागलं होतं, शेठ. चूक मनी शे.” मशीन चालूच होते. प्राध्यापक जरा वेळाने हळूच म्हणाले, “खरं सांगू का, असंच बरं वाटतंय.” कोणी हसले नाही. शेठ जिना चढून वर गेले. पडद्यावर डॉक्टर दरवाज्याशी पोहोचला, उजव्या कोपऱ्यात ठिपका आला, पुन्हा आला आणि दुसरे मशीन सुरू झाले नाही. पडदा पांढरा झाला. शेठ खाली आले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती.

प्राध्यापकांनी पत्र मागे घेतले. आम्ही तीन ओळींचा खुलासा छापला, रिळांच्या क्रमाविषयी, कोणाचे नाव न घेता. माझे सदर राहिले. नामदेवरावांना शेठनी काढले नाही. दारावर तिकिटे तपासायला उभे केले. मी दोनदा शेठकडे जाऊन बोललो. “माणूस ठेवला, एवढं पुरे,” ते म्हणाले. केबिनमध्ये नामदेवराव पुन्हा कधी गेले नाहीत.

तो चित्रपट त्यांनी दाराशी उभे राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मला म्हणाले, “डॉक्टर अवघड काम करायच्या आधी दर वेळी चष्मा काढून ठेवतो. पहिल्या रिळापासून. वरून दिसलंच नव्हतं.” जुन्याइतका नाही, पण दोनदा बघण्याजोगा आहे, हा त्यांचा निकाल. तो मी पुढच्या रविवारी लिहिला. तेव्हापासून मी कोणताही चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला ते माझे तिकीट फाडत, पण अर्धा तुकडा बोटांत धरून ठेवत. “काल काय सुटलं होतं?” सांगितल्यावर तुकडा मिळे. उत्तर पटले नाही, तर दाराचा पडदा सरकवताना म्हणत, “मग उद्यापण या.”

गेल्या आठवड्यात एका चित्रपटाला दुसऱ्यांदा गेलो. दारावरच्या नव्या माणसाने तिकीट फाडले, अर्धे हातात दिले. मी तिथेच थांबलो. मागून माणसे येत होती. “पुढे व्हा, साहेब, सुरू झालाय,” तो म्हणाला.

मी उत्तर तयार करून गेलो होतो.