आबांची हॅटट्रिक

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी शिंदखेड्याच्या बाजूला लेगस्पिन टाकायचे. माझे चुलतकाका, म्हणजे नाना, त्यांचे विकेटकीपर. आबांचा पाय रेषेपुढे पडला तर पंचाच्या आधी आबाच हात वर करून नोबॉल सांगायचे, आणि नाना मागून शिव्या घालायचे. हे मी दोघांकडूनही इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच पुढचं वाक्य पुरवते.

लकव्याच्या झटक्यानंतर आबा माझ्याकडे, जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले. पाय सावरला, पण उजव्या हाताचा अंगठा मागेच राहिला. रबरी चेंडू रोज अर्धा तास दाबायचा, आणि कोणीतरी शेजारी बसून मोजायचं, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी. ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा आणि मग एक ते शंभर मोजायचं. चाळिसाच्या आसपास आबा रुसायचे आणि मी खेकसायचे. त्यावर उपाय म्हणून मी त्यांच्या फोनवर क्रिकेटचा गेम घालून दिला. अंगठ्याला व्यायाम होईल आणि मला पोळ्या लाटता येतील.

गेममधली गोलंदाजी सोपी होती. चेंडू कुठे टाकायचा तिथे डाव्या अंगठ्याने गोल सरकवायचा, किती वळवायचा ते बोटाने ओढून सांगायचं. मग एका पट्टीवर काटा धावू लागतो. तो हिरव्यात असताना उजव्या अंगठ्याने टिचकी मारायची. उशीर झाला की काटा लालात जातो आणि वाईड, नाहीतर सरळ फुलटॉस.

डोकं आबांचं शाबूत होतं. दोन चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर टाकायचे, फलंदाजाला पाय लांब काढायची सवय लावायची आणि तिसरा आत आणायचा, हा त्यांचा जुना डाव. गोल बरोबर जागी जायचा, पण अंगठा पोचेपर्यंत काटा लालात गेलेला असायचा. वाईड, वाईड, पुन्हा वाईड. मग फोन उशीखाली जायचा, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि ताट तसंच परत यायचं.

चौथ्या दिवशी ते अंघोळीला गेले असताना मी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो टायमिंग चालू केलं. आता टिचकी कधीही मारली तरी काटा हिरव्यातच थांबणार होता. वडिलांच्या सुखासाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला मोजण्यातून सुटका हवी होती.

त्या संध्याकाळी आबांनी हॅटट्रिक घेतली. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला अंगठा हलवून दाखवला. “दख, चालाले लागना,” म्हणाले. मग नानांना फोन, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. दोन वेळचं जेवण पोटभर. रबरी चेंडू फ्रीजखाली गेला. तो तिथे असल्याचं मला ठाऊक होतं आणि झाडताना मी मुद्दाम केरसुणी आत घालत नव्हते. असे दोन महिने गेले.

थंडीत शिंदखेड्याजवळ नानांच्या शेतावर भरीत पार्टी होती. बांधाजवळ पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजत होती, आम्ही बायका सालं काढत होतो. नानांनी नवा टॅब आणला होता आणि त्यात खास आबांसाठी तोच गेम घालून ठेवला होता. सगळे गोल करून बसले. आबांनी बाह्या वर केल्या.

टॅबवर ऑटो टायमिंग चालू नव्हतं. पहिला वाईड. दुसरा वाईड. माझा हात गरम वांग्यावर तसाच राहिला. उठून जायचं, सेटिंग बदलायचं, किंवा नुसतं खरं सांगायचं. पंधरा पावलांचं अंतर होतं. पण मग सगळ्यांसमोर माझी लबाडी उघडी पडली असती. मी वांगं सोलत राहिले.

“काय भाऊ, फोनवर सांगस ती हाईच बॉलिंग का?” नानांनी विचारलं. सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, “मना हात परत गया. डॉक्टरकडे लई चाल.”

भरीत तसंच टाकून आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, जुनी फाईल चाळली. “नवीन काही नाही. हात होता तसाच आहे. चेंडूचा व्यायाम चालू आहे ना?”

“सोडला,” आबा म्हणाले. “फोनवर रोज बॉलिंग करतो. अंगठा चांगला चालायला लागला होता.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. या दोन महिन्यांत हात बराच सुटला असता, एवढंच ते म्हणाले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतीच्या एसटीत, पारोळा मागे पडल्यावर मी सगळं सांगितलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “हॅटट्रिकबी?”

“गोल तुम्हीच ठेवला होता आबा. डाव तुमचाच होता.”

त्यांनी मान हलवली आणि खिशातला फोन माझ्यापुढे धरला. “काढी टाक ते.” मी ऑटो टायमिंग बंद केलं. एरंडोलपर्यंत ते वाईड टाकत राहिले. एकदा मी अंगठा पुढे नेला तर त्यांनी कोपराने माझा हात बाजूला केला.

घरी आल्यावर मी केरसुणीने चेंडू बाहेर काढला आणि धुवायला घेतला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आबांचा आवाज आला. ते नानांशी फोनवर बोलत होते.

“ती हॅटट्रिक खोटी व्हती. ती सेटिंग मीच लायेल व्हती.”

नानांचं हसणं मला नळापर्यंत ऐकू आलं. जन्मात कधी पंचाची वाट न बघणारा माणूस माझा नोबॉल स्वतःच्या नावावर सांगत होता. मी नळ बंद केला, बाहेर गेले आणि नानांना खरं सांगायला तोंड उघडलं. आबांनी फोन ठेवला आणि तळहात पुढे केला. मी चेंडू त्यावर ठेवला आणि एकपासून मोजायला लागले.

अंगठा आता थोडा वळतो. नाना मात्र अजूनही प्रत्येक लग्नात आबांना लबाड बॉलर म्हणून हाक मारतात, आणि मी शेजारी उभी असते.