चांगुणामावशी आणि माझं स्वस्त होस्टिंग

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच्या आत्ता सांगू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल. पाच मिनिटांपूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर प्राचीने विचारलं, "यार, वेबसाइटसाठी स्वस्तातलं होस्टिंग सांग ना, कुठलंही चालेल." कुठलंही चालेल! ते वाचलं आणि मी उत्तर टाइप करता करता थांबले. कारण दोन वर्षांपूर्वी हेच मी बोलले होते, आणि अकरा बायकांच्या पावसाळ्याची वाट लागता लागता राहिली होती.

त्या अकराजणींची म्होरकी म्हणजे चांगुणामावशी. तुम्ही तिला बघितलेलं नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जन्मायच्या आधीपासून मासे घेऊन येणारी. उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने चौथ्या माळ्यापर्यंत. आणि सवय अशी, की कुठलीही गोष्ट पारखायला ती मुद्दाम अवेळी जायची. नातीसाठी शाळा बघायला गेली ती मधल्या सुट्टीत. लेकीच्या लग्नाचा हॉल बघितला तो आदलं लग्न नुकतंच उठल्यावर, आणि आधी शिरली ती संडासात. आई हसायची, तर मावशी म्हणायची, "सकाली सगल्यांचंच म्हावरं ताजं असतं गो. दुपारी ज्याचं ताजं, त्याच्याकडनं घ्यावं."

म्हावरं म्हणजे मासे. आता हे वाक्य ऐकायला किती झकास वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण वागताना मी ते धाब्यावर बसवलं.

झालं असं. कोळी लोकांत आणि आमच्यासारख्या मासेखाऊ घरांत आगोटीची खरेदी असते. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा, सुकट भरून ठेवायची. मावशी आणि तिच्यासारख्याच बिल्डिंगी धरून मासे विकणाऱ्या दहा मैत्रिणी हिवाळ्यापासून बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळवायच्या, आणि बहुतेक माल घाऊक व्यापारी भाव पाडून उचलून न्यायचा. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, नवीन नवीन वेबसाइट बनवायला शिकले होते, अंगात भूत संचारलेलं. म्हटलं, "मावशी, साइट काढू तुमची! लोक थेट ऑर्डर देतील."

"आन ती ठेवायची कुटं?"

बघा, पहिलाच प्रश्न बरोब्बर. मी समजावलं, की होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. तुझा गाळा कसा बाजारात, तशी साइट कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर ठेवायची. मी तीन कंपन्या काढून दाखवल्या. तिने दर ऐकले, मान हलवली आणि म्हणाली, "फोन लाव तिगांना. आता नको. दीड वाजता. जेवायच्या टायमाला."

दीड वाजता स्पीकर लावून बसलो. पहिल्या कंपनीत नुसती सनई वाजत राहिली. दुसरीत एका माणसाने उचलला, घास तोंडातच होता त्याच्या. मावशीने त्याला तिच्या हिंदीत विचारलं, "भाऊ, तुमारा मशीन डूबा तो मेरा सामान वापस मिलेगा क्या?" तो हसला नाही. म्हणाला, रोज एक प्रत दुसऱ्या जागी ठेवतो, काही झालं तर त्यातून परत लावून देतो, आणि ती प्रत तुम्हीही हवी तेव्हा उतरवून घ्या. तिसऱ्या कंपनीला फोन नंबरच नव्हता. फक्त चॅट.

"दुसरा," मावशी म्हणाली आणि उठली.

पण तिसरी सगळ्यात स्वस्त होती ना! जवळपास अर्ध्या भावात, आणि सगळंच अमर्याद. मी मनात म्हटलं, आजकाल फोन कोण करतं, हिला काय कळतंय. तिसरी घेतली. आणि मावशीने विचारलं तेव्हा बिनधास्त सांगितलं, "हो, तुझीच घेतली." वाटलं, वर्षाच्या शेवटी वाचलेले पैसे हातावर ठेवून चकित करू. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

साइट धावली. एप्रिलपासून ऑर्डरींवर ऑर्डरी. जवळचे, लांबचे, कोण कोण. बायका हवेत. त्या वर्षी व्यापारी आला तेव्हा मावशीने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं, "औंदा माल बोललेला हाय" म्हणून. मेच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांना माल घरपोच द्यायचा आणि पैसे तेव्हाच घ्यायचे, असं ठरलं होतं.

आणि गुरुवारी दुपारी साइट गेली.

पांढरं पान. मी पुन्हा उघडलं. पांढरं. चॅटवर गेले, तिथे उत्तर आलं, "आपण रांगेत आहात." तासभर रांगेत. मग चॅटही उघडेना. मग कंपनीची स्वतःची साइट उघडेना! ऑर्डरींची यादी फक्त तिथेच होती, आणि मी शेवटची प्रत उतरवली होती फेब्रुवारीत, एकही ऑर्डर यायच्या आधी. माल बांधून तयार, व्यापाऱ्याला नकार दिलेला, आणि पाऊस तोंडावर. दमट हवा लागली की सुक्या माशाला बुरशी धरते. अकराजणींची चार महिन्यांची चूल त्या मालावर.

मी काय केलं माहितीये? काहीच नाही. फोन सायलेंट करून चादर घेऊन पडले. मावशीचे तीन मिसकॉल आले, एकही उचलला नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. पुढचा अख्खा दिवस दर दहा मिनिटांनी ते पांढरं पान उघडत होते. शुक्रवारी संध्याकाळी शेवटी गेले बाजारात. ती सुरमई कापत होती. मी एका दमात सगळं ओकले, साइट, यादी, तिसरी कंपनी, सगळं. कोयता थांबला.

"कवापास्नं?"

"काल दुपारपासून."

"मंग काल का नाय आलीस?"

मावशीने कोयता फळीवर टेकवला.

"स्वस्त घेतलंस, घेतलंस. पोर हायेस. पन माजा एक दीस खाल्लास तू. एक दीस कमी हाय काय गो? सडकं म्हावरं लपवलं की टोपली सडते." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोयता पुसला आणि म्हणाली, "चल. त्यांना पन तूच सांग."

मांडवापाशी दहा बायका बसलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून मी पुन्हा सगळं सांगितलं, रडत रडत. शेवंता नावाची एक होती, ती फाडकन म्हणाली, "शिकलेल्या पोरीच्या नादाला लागलाव आपन, आता खा सुकट चार महिने!" मावशीने तिला हाताने थांबवलं. म्हणाली, "रडायचं मागनं, शेवंते. आदी आठव. तुज्या बिल्डिंगी बोल."

आणि मग जे झालं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. शेवंताने डोळे मिटले आणि सुरू झाली. "पिवली बिल्डिंग, दुसरा माला, चष्म्यावाली, जवला दोन किलो. वरची दातांची डॉक्टरीन, बोंबील, पन बारके नको." मी लिहीत सुटले. कारण आपली माणसं कशी असतात, साइटवर ऑर्डर देऊन वर आपल्या नेहमीच्या कोळणीला फोन करतातच, भाव पाडायला! दर घरावर घासाघीस झालेली, म्हणून दर घर लक्षात. जिचं अडलं तिला दुसरी टोकायची, "नाय गो, ती सोडे बोलली, मना ठाव हाय." अंधार पडेपर्यंत अकराजणींनी दोनशेच्या वर नावं तोंडाने सांगितली.

ऑर्डरींचा एकूण आकडा मला आठवत होता, त्यातली तीसेक राहिली. बहुतेक चेंबूरकडची, लांबची, नवीन माणसं, ज्यांची कोळीण ठरलेली नव्हती. त्यातली काही रविवारी आपणहून बाजारात आली, काही भांडली, काही आलीच नाहीत. उरलेला माल व्यापाऱ्याने पडेल भावात नेला. त्यात शेवंताचा जास्त होता. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकले नाही, अजूनही भिडवत नाही.

ती कंपनी कुठे गेली, कोणाला कळलं नाही. सोमवारी आम्ही जेवता जेवता फोन उचलणारी ती दुसरी घेतली, मावशीच्या नावाने, तिच्या नंबरवर. दर आठवड्याला प्रत उतरवून मी ती नुसती ठेवत नाही, उघडून बघते.

मावशी माझ्याशी तशीच राहिली. बोंबील आणायची, आईशी गप्पा मारायची. फक्त एक बदललं. मी काहीही सांगितलं, अगदी रिक्षा बंद आहेत, की ती विचारायची, "डोल्यानं बगलंस?" हसत विचारायची. पण विचारायची. दर वेळी. आणि दर वेळी माझ्या काळजात चर्र व्हायचं.

या जानेवारीत तिला दवाखान्यात ठेवलं. मी गेले तेव्हा नाकात नळी, आवाज पार बसलेला. मी म्हटलं, "मावशी, साइट एकदम मस्त चालू आहे, काळजी करू नकोस." आणि थांबले. वाट बघत. तिने विचारावं म्हणून अक्षरशः जीव मुठीत धरून बसले होते.

तिने माझा हात थोपटला. "बरं गो बाय," म्हणाली आणि डोळे मिटले.

चार दिवसांनी ती गेली. तिने पुन्हा विश्वास ठेवला होता, की विचारायची ताकदच उरली नव्हती, मला माहीत नाही, आणि आता कळायचा काही मार्ग नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? ज्या माणसाशी तुम्ही एकदाच खोटं बोललात, त्याने शेवटी तुम्हाला माफ केलं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं?